बॅटरीच्या अवजारांची मोटार : तपासावी कशी आणि मिळवावी कुठून



आडसालीची लागण असो की खोडव्याची मशागत, आजकाल आपल्या शिवारात बॅटरीवर चालणारी दोन अवजारे हमखास नजरेस पडतात. एक म्हणजे पाठीवरचा बॅटरी पंप आणि दुसरे म्हणजे ठिबकच्या पाइपाला भोके पाडण्यासाठी घेतलेले बॅटरीचे ड्रिल. ज्या रानात विजेचा खांब नाही, किंवा खांब असून दिवसा वीज नाही, तिथे या दोन्ही वस्तूंनी मोठी सोय केली आहे. हाताने दांडा मारून फवारणी करताना खांदा भरून यायचा, तो त्रास वाचला. सबमेनला ग्रोमेटची भोके पाडायला लांबलांब वायरी ओढाव्या लागत, तेही संपले.

पण यंत्र म्हटले की बिघाड आलाच. गटागटांत फिरताना आमच्या असे ध्यानात आले आहे की बऱ्याच घरांच्या माळ्यावर एखादा तरी बॅटरी पंप किंवा ड्रिल "मोटार गेली" म्हणून पडून आहे. दुकानदाराने सांगितले, "याची मोटार मिळत नाही, नवीनच घ्या," आणि सभासदाने नवीन घेतले. आमचा अनुभव असा की यातली निम्मीशिम्मी अवजारे मुळात मोटारीमुळे बंद पडलेली नसतात. आणि ज्यांची मोटार खरोखर जळालेली असते, त्यांची मोटार शोधली तर बहुतेक वेळा मिळते. मात्र काय शोधायचे ते नीट ठाऊक पाहिजे. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

आधी मोटार गेली आहे का, हे पाहा

आमच्या एका गटातल्या भगिनी सभासदांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. घरचा कर्ता माणूस गेल्यावर पावणेदोन एकर ऊस त्या एकट्या पाहतात. लागणीनंतर तणनाशक मारायचे दिवस मोजकेच असतात. जमिनीत ओल आहे आणि तण अजून उगवून वर आलेले नाही, तेवढ्यातच ते काम साधते. नेमका त्याच दिवशी टाकीत औषध कालवलेले असताना पंप बंद पडला. फवारणीला माणूस मिळेना. तालुक्याच्या दुकानात नेला तर "मोटार जळाली" असे उत्तर मिळाले. आमच्या शेतकी मदतनिसाने पंपाचा तळ खोलून पाहिला, तर बॅटरीच्या टोकावरची वायर गंजून तुटायला आली होती. वायर कापली, टोक घासून नवीन क्लिप बसवली आणि पंप सुरू झाला. ताई म्हणाल्या, "साहेब, माझे तर आठ दिवस गेले असते, आणि तण काय माझ्यासाठी थांबलं असतं का?"

तेव्हा पहिली गोष्ट तपासणीची. बॅटरी पंपात साधारणपणे १२ व्होल्टची बॅटरी, एक स्विच, वेग कमीजास्त करणारे बटण, दाब वाढला की मोटार बंद करणारा प्रेशर स्विच आणि मोटारीला जोडलेला पडद्याचा पंप असे भाग असतात. तपासायचे ते याच क्रमाने.

१) बॅटरीची टोके आणि वायरी पाहाव्यात. हिरवट-पांढरे किटण असेल तर घासून काढावे. फ्यूज असेल तर तो पाहावा.

२) मीटर लावून बॅटरी मोजावी. भरलेली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी मोकळी असताना साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. पण मोकळी मोजून भागत नाही, स्विच दाबून मोजावी. स्विच दाबताच व्होल्ट आठ-नऊवर कोसळत असतील तर दोष बॅटरीत आहे.

३) मोटारीच्या दोन वायरी सोडवून त्यांना चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा थेट पुरवठा द्यावा, मध्ये फ्यूज असू द्यावा. मोटरसायकलची बॅटरी यासाठी चालते. मोटार फिरली तर ती शाबूत आहे. मग दोष स्विच, वेगाचे बटण किंवा प्रेशर स्विच यांपैकी कशात तरी आहे. प्रेशर स्विचच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडून पाहिल्या आणि पंप चालला, तर तोच भाग बदलावा.

४) मोटार फिरते पण पाणी येत नाही, असे असेल तर गाळणी, नळीतली हवा, पंपाचा पडदा आणि झडपा पाहाव्यात. तो दोष मोटारीचा नव्हे.

ड्रिलचेही असेच आहे. बटण दाबून मोटारीच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. तिथे व्होल्ट येत नसतील तर बॅटरी ठीक असूनही बटण गेलेले असते, कारण वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक भाग त्या बटणातच असतो. व्होल्ट पूर्ण येतात आणि मोटार हलत नाही, तर मोटार दोषी. डब्यावर हलकी टिचकी मारल्यावर फिरते आणि पुन्हा थांबते, तर कार्बन झिजले असे समजावे. मोटार आतून गरगरते पण चक फिरत नाही, तर गिअर गेले. आणि जळक्या रोगणाचा वास येत असेल तर आर्मेचरचे वेढे जळाले आहेत, मग मोटार बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

मोटार जळते का?

हे कारण कळले की पुढची मोटार टिकेल. मोटार फिरत असताना ती स्वतःच उलट बाजूने थोडा विजेचा दाब तयार करते आणि त्यामुळे तिच्यातून जाणारा प्रवाह आटोक्यात राहतो. मोटार अडकून थांबली की हा उलट दाब नाहीसा होतो. मग बॅटरीचा सगळा जोर वेढ्यांवर येतो, आणि काही सेकंदांतच तांब्याच्या तारेवरचे रोगण जळू लागते.

ड्रिलला मातीत खड्डे घेण्याचा स्क्रू लावून काळ्या रानात भोके पाडणे, किंवा पिंपातली स्लरी तासभर घुसळणे, ही कामे लहान ड्रिलची नव्हेत. अडले तरी बटण दाबून धरण्याची आपल्याकडच्या पोरांना सवय आहे, ती मोडली पाहिजे. फवारणी पंपात कारण निराळे असते. पंपाचा पडदा फाटला की औषधाचे पाणी शाफ्टवरून मोटारीत उतरते आणि कॉम्युटेटर व कार्बन खराब होतात. म्हणून मोटार बदलताना पडदा तपासला नाही, तर नवी मोटारही त्याच वाटेने जाणार.

या मोटारी येतात कुठून?

बॅटरीचे ड्रिल ही काही कालपरवाची वस्तू नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बिनवायरचे ड्रिल बाजारात आणले. जपानच्या माकिता कंपनीचे बॅटरी ड्रिल १९६९ साली आले. आज लिथियमच्या बॅटऱ्यांमुळे ती हलकी आणि जोरकस झाली आहेत. पण आपल्या कामाची गोष्ट निराळीच आहे. अवजारावर नाव कोणत्याही कंपनीचे असो, आतली कार्बनवाली मोटार बहुधा ठरावीक मापांपैकी एका मापाची असते. जपानच्या माबुची कंपनीने अशा छोट्या मोटारींना जे क्रमांक दिले, तेच पुढे बाजारात मापाचे नाव होऊन बसले. बैलगाडीच्या धाव्याला जसे माप असते, तसेच हे.

३८० माप : डबा सुमारे २८ मि.मी. जाड, सुमारे ३८ मि.मी. लांब, शाफ्ट २.३ मि.मी.
५४० माप : डबा सुमारे ३६ मि.मी. जाड, ५० मि.मी. लांब, शाफ्ट ३.१७५ मि.मी.
५५० माप : जाडी तेवढीच, पण लांबी सुमारे ५७ मि.मी., शाफ्ट ३.१७५ मि.मी. डब्यावर पोलादी कडे चढवलेले असेल तर जाडी सुमारे ३८ मि.मी. भरते.
७७५ माप : डबा सुमारे ४२ मि.मी. जाड, सुमारे ६७ मि.मी. लांब, शाफ्ट ५ मि.मी.

हातात धरायच्या बऱ्याच ड्रिलांत ५५० मापाची मोटार सापडते. ३.१७५ मि.मी. हे माप विचित्र वाटेल, पण तो म्हणजे बरोबर इंचाचा आठवा भाग.

नुसता क्रमांक सांगून भागत नाही

एका सभासदांच्या घरी याच मुद्द्यावरून बापलेकांत वाद झाला. ठिबकचा संच अंथरायचा होता, पाऊस तोंडावर आला होता आणि ड्रिल जळाले. वडील म्हणाले, "टाकून दे, नवीन आण." मुलगा म्हणाला, "आबा, बॅटरी चांगली आहे, नुसती मोटार आणतो." त्याने "५५०" एवढेच सांगून मोटार मागवली. मोटार आली, भोकांना बसलीही, पण पिनियनचे दाते गिअरला जुळेनात. आबांना बोलायला जागा झाली. पुढच्या खेपेला मुलाने जुनी मोटार बरोबर नेली, दुकानात व्हर्नियर लावून मापे घेतली आणि योग्य ती मोटार आणली. त्याच आठवड्यात लॅटरल जोडून झाल्या. आता शेजारचे लोक त्याच्याकडे ड्रिल घेऊन येतात, आणि आबाच त्यांना सांगतात, "आधी दाते मोज."

तेव्हा मोटार शोधायला निघण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, व्होल्ट. ५५० हे डब्याचे माप झाले. त्याच डब्यात ७.२ व्होल्टचीही मोटार येते आणि १८ व्होल्टचीही. क्रमांकाच्या शेवटी जे चार आकडे असतात, त्यांत तारेची जाडी आणि वेढे सांगितलेले असतात. उदाहरणार्थ ६५२७ म्हणजे ०.६५ मि.मी. तार आणि २७ वेढे. १२ व्होल्टची मोटार १८ व्होल्टवर चालवली तर वेग दीडपट होतो, आणि ती अडली की उष्णता सव्वादोन पट होते. अशी मोटार टिकत नाही. उलट १८ व्होल्टची मोटार १२ व्होल्टवर जळणार नाही, पण तिच्यात जोर राहणार नाही.

इथे एक सावधगिरी. काही स्वस्त ड्रिलांवर ४८, ८८ असे मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांवर विसंबू नये. बॅटरी पूर्ण भरून मीटरने मोजावी. लिथियमचा एक सेल सर्वसाधारण ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. एकामागे एक पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट. म्हणजे "१८ व्होल्ट" आणि "२१ व्होल्ट" लिहिलेली दोन ड्रिले पुष्कळदा एकाच जोराची असतात. तीन सेलांची १०.८ व्होल्ट होते, तिला बाजारात १२ व्होल्ट म्हणतात.

दुसरी गोष्ट, पिनियन. दाते मोजावेत, बाहेरची जाडी मोजावी आणि जुने पिनियन नव्याशेजारी धरून दात्यांचा आकार जुळतो का ते पाहावे. दात्यांची संख्या सारखी असूनही दाते जाड-बारीक असू शकतात. पिनियन शाफ्टवर घट्ट ठोकून बसवलेले असते. ते काढायला लहान पुलर वापरावा. हातोडीने ठोकले की शाफ्ट वाकतो नाहीतर आतले बुश फुटते. शक्यतो पिनियन बसवलेलीच मोटार घ्यावी.

तिसरी गोष्ट, शाफ्ट. जाडी, बाहेर आलेली लांबी आणि तो पूर्ण गोल आहे की एका बाजूने चपटा, हे लिहावे.

चौथी गोष्ट, बसवण्याची भोके. ५५० मोटारीच्या तोंडावरची दोन भोके साधारणपणे २५ मि.मी. अंतरावर आणि ३ मि.मी. स्क्रूची असतात. ७७५ मध्ये अंतर २९ मि.मी. आणि स्क्रू ४ मि.मी.चे असतात.

पाचवी गोष्ट, फिरण्याची दिशा. ड्रिल दोन्हीकडे फिरते, त्यामुळे वायरी उलट लागल्या तर सुलट-उलट बदलते एवढेच, आणि वायरी अदलाबदल केल्या की प्रश्न मिटतो. गवत कापायच्या यंत्राचे तसे नाही. ते उलटे फिरले तर पात्याचा नट सैल होऊन पाते सुटू शकते. तिथे बाणाची दिशा पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

फवारणी पंपाच्या बाबतीत एक सोय आहे. तिथे मोटार आणि पंप मिळून अख्खा जोड विकत मिळतो, आणि तोच घेणे शहाणपणाचे. जोडावरच्या पट्टीवर व्होल्ट, अँपिअर, दाब आणि मिनिटाला किती लिटर हे छापलेले असते. ते जुळवावे. नळीच्या तोंडाची जाडी आणि बोल्टची भोके जुळवावीत. जास्त अँपिअरचा मोठा पंप बसवला तर बॅटरी लवकर उतरते आणि स्विच जळतो, हे ध्यानात ठेवावे.

काही नव्या अवजारांत बिनकार्बनची, म्हणजे ब्रशलेस मोटार येते. तिला दोनाऐवजी तीन जाड वायरी असतात आणि ती चालवायला आत इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. मोटार आणि पट्टी एकमेकींसाठी बनवलेल्या असतात. तिच्या जागी साधी मोटार बसत नाही. अशा अवजारासाठी कंपनीच्या सेवा केंद्राकडेच जावे.

शोधावे कुठे?

वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर अवजार मुळीच खोलू नये, बिलासह सेवा केंद्रात न्यावे. मुदत संपली असली तरी चांगल्या कंपनीच्या अवजारासाठी पहिली चौकशी तिथेच करावी. अवजाराच्या पट्टीवर मॉडेलचा क्रमांक असतो. त्यावरून सुट्या भागांच्या नकाशात मोटारीचा क्रमांक सापडतो, आणि तो मिळाला की मापाची भानगड उरत नाही.

फवारणी पंपाचे भाग तालुक्याच्या गावी शेती अवजारे दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतात. बिननावाच्या ड्रिलची मोटार मात्र मोठ्या बाजारात पाहावी लागते. पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि मुंबईला लॅमिंग्टन रोड ही विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी ठिकाणे आहेत. मोबाइलवरून मागवायची झाल्यास वर सांगितलेली सगळी मापे चित्राखालच्या मजकुराशी ताडून पाहावीत आणि माल परत घेतात की नाही तेही वाचावे. आणखी एक मार्ग म्हणजे त्याच मॉडेलचे, बॅटरी किंवा चक गेलेले मोडके ड्रिल. भंगारातल्या अशा ड्रिलमधून चांगली मोटार निघू शकते.

विहिरीवरची मोटार आपण रिवाइंड करून घेतो, तशी ही का नको, असे सभासद विचारतात. एवढ्या लहान आर्मेचरचे वेढे पुन्हा भरणे मजुरीला परवडत नाही. कार्बन तेवढे बदलता येत असतील तर जरूर बदलावेत.

बसवताना

बॅटरी काढल्याशिवाय अवजार खोलू नये. फवारणी पंप आधी स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावा, धुतलेले पाणी विहिरीत किंवा ओढ्यात जाऊ देऊ नये, आणि हातमोजे घालूनच काम करावे. खोलण्यापूर्वी मोबाइलवर वायरींचे फोटो काढून ठेवावेत. जुन्या मोटारीच्या टोकांवर बारीक कपॅसिटर असेल तर तो नव्या मोटारीला लावावा. स्क्रू जुनेच वापरावेत. लांब स्क्रू घातला तर तो आत जाऊन वेढ्यांना लागतो आणि नवी मोटार पहिल्याच मिनिटाला निकामी होते. गिअरला बेताचे ग्रीस द्यावे. दहा सेकंद मोकळी चालवून आवाज ऐकावा आणि मगच काम द्यावे.

बॅटरी फुगलेली असेल तर तिला हात लावून प्रयोग करू नयेत. आणि पंपाची शिशाची बॅटरी हंगाम संपल्यावर रिकामी ठेवू नये. भरून ठेवावी, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. रिकामी पडलेली बॅटरी पुढच्या हंगामात उठत नाही, आणि दोष मात्र मोटारीच्या माथी मारला जातो.

परवडते का, आणि एकत्र येऊन काय करता येईल

आमचा साधा हिशेब असा आहे. बॅटरी चांगली, गिअर शाबूत आणि मोटारीची किंमत नव्या अवजाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, तर मोटार बदलावी. बॅटरीही म्हातारी झाली असेल तर तो खर्च करू नये, कारण अशा अवजारात मोठा खर्च बॅटरीचाच असतो. टाकायचेच झाले तर ते उकिरड्यावर टाकू नये. बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याबाबत सरकारने २०२२ साली नियम केले आहेत. शिशाची बॅटरी विकणाऱ्याला परत द्यावी, बाकीचे अधिकृत संकलन केंद्रात द्यावे.

एकट्या माणसाला एक मोटार शोधायला दोन चकरा पडतात, आणि त्यात कामाचे दिवस जातात. पण एकाच गावात एकाच मॉडेलचे पाच-दहा पंप असतात, हे आम्ही पाहिले आहे. गावातल्या सभासदांनी आपापल्या पंपाचे व ड्रिलचे मॉडेल, व्होल्ट आणि मोटारीची मापे एका वहीत लिहून ठेवली, आणि वर्गणी काढून एक मोटार-पंपाचा जोड, दोन प्रेशर स्विच, एक पडद्याचा संच व एक मीटर गावात ठेवले, तर फवारणीच्या ऐन दिवसांत कोणाचेच काम अडणार नाही. सहकाराने आपण साखर कारखाना उभा करू शकलो, तर एका पेटीभर सामानाची काय कथा!

ज्या गावांना अशी वही करायची असेल, त्यांनी आपल्या चिटबॉयकडे किंवा गट कार्यालयात कळवावे. मापे कशी घ्यायची ते आमचे शेतकी मदतनीस गावात येऊन दाखवतील. आडसालीच्या लागणी सुरू होण्यापूर्वी हे काम उरकावे, अशी सर्व सभासदांना नम्र विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते